स्मृतिभ्रंश आणि निरक्षर माणूस

ज्या रोगात माणूस आपली आठवण हळूहळू गमावतो त्या रोगासाठी आपल्या वस्त्यांतून दोन बोल ऐकू येतात. घरचे म्हणतात, वय झाले. बाहेरचे म्हणतात, म्हातारीला चळ लागला. दोन्ही बोलांचा परिणाम एकच होतो. ते उच्चारले की दवाखान्यात जाण्याचे कारण उरत नाही. मी मज्जासंस्थेच्या रोगांचा डॉक्टर आहे आणि स्मृतीचे विकार तपासणे हे माझे रोजचे काम आहे. हा रोग काय आहे, आणि ज्याला शाळेचा उंबरठा ओलांडू दिला गेला नाही अशा माणसाची स्मृती आमचे शास्त्र कशी मोजते, हे येथे सांगायचे आहे.

स्मृतिभ्रंश हा एक रोग नसून अनेक रोगांचे मिळून होणारे चित्र आहे. त्यांतला सर्वांत मोठा रोग अल्झायमर या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री त्याच्यासमोर आली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. १९०६ साली ती वारल्यावर अल्झायमरने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते त्याला दिसले. ती पुटे अमिलॉइड नावाच्या प्रथिनाची आणि ते गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे, हे पुढे कळले. दुसरा मोठा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद पडत गेल्याने होतो. त्याच्या मुळाशी रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू असतात.

परंतु विसरणारा प्रत्येक माणूस या न परतणाऱ्या वाटेवर असतो असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावणे, खोल नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही आठवण जाते. कामावर पडून डोक्याला मार लागला असेल तर कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये आठवड्यामागून आठवडे रक्त साचत राहते आणि माणूस बरळू लागतो. ते रक्त काढले की अनेकदा तोच माणूस पुन्हा ओळखीने बोलतो. म्हणून ‘वय झाले’ हे निदान घरी बसून करणे धोक्याचे आहे. उपचार होऊ शकणारा माणूसही त्या दोन शब्दांखाली गाडला जातो.

एक शंका मला नेहमी विचारली जाते. आजीला लहानपणचे सगळे आठवते, जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ आहेत, मग तिला रोग कसा? याचे उत्तर हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाने विज्ञानाला दिले. १९५३ साली अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाचा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढण्यात आला. त्यानंतर त्याला नवे काही लक्षात राहीना. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की तो अनोळखी होई. पण लहानपणच्या पुष्कळ आठवणी टिकून होत्या. आरशात पाहून आकृती गिरवण्याचे नवे कसब त्याचा हात दिवसागणिक शिकत गेला, आणि आपण हे पूर्वी केले आहे याची मात्र त्याला आठवण नसे. नवी आठवण, जुनी आठवण आणि हाताची आठवण यांचे मेंदूतले मार्ग वेगळे आहेत. अल्झायमरच्या रोगात बहुधा प्रथम हिप्पोकॅम्पसचाच भाग झिजतो. म्हणून ओवी राहते आणि सकाळची भाकर विसरली जाते.

आता मोजपट्टीकडे वळू. जगभर सर्वांत अधिक वापरली गेलेली चाचणी १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. ती ३० गुणांची आहे, आणि २४ च्या खाली गुण आले की संशय घ्यावा असा संकेत रूढ झाला. तीत तारीख, महिना, साल विचारतात. शंभरातून सात सात वजा करायला सांगतात. त्याला पाच गुण. एक वाक्य वाचायचे, एक लिहायचे, एक आकृती काढायची. त्यांचा प्रत्येकी एक गुण. हिशेब करून पाहा. ज्या बाईने आयुष्यात पाटी धरली नाही तिचे हे आठ गुण गेले आणि बाकीची सगळी उत्तरे बरोबर आली, तरी ती २२ वर थांबते. शाबूत मेंदूची बाई कागदावर रोगी ठरते. घड्याळ काढून दाखवण्याची दुसरी एक लोकप्रिय चाचणी आहे. ज्या हाताने खुरपे धरले आणि पेन्सिल कधीच धरली नाही, त्या हाताला घड्याळ काढता आले नाही तर त्यात मेंदूचा दोष कोणता?

तारीख विचारली की अशी एखादी आजी म्हणते, ‘तारीक मला काय ठावं लेकरा, परवा आमुशा झाली, उद्या बाजार हाय.’ तिला काळाचे भान पुरेपूर आहे. ते भान कॅलेंडरच्या चौकटीत मावत नाही, एवढेच.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. निरक्षर माणसाकडून कसलीच अपेक्षा नसते, तेव्हा त्याची खरी झीजही कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. निवृत्त शिक्षक हिशेबात अडखळला की आठ दिवसांत घर डॉक्टरकडे येते. मजूर बाई निरोप विसरू लागली तर तिच्यावर घर ओरडते.

या अडचणीचा विचार झालेलाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. हरियाणातील बल्लभगड येथे भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून खेड्यांतील ५५ वर्षांवरील ५,१२६ माणसे तपासली. त्यांपैकी ७३.३ टक्के निरक्षर होती. त्यांच्यासाठी हिंदीतून नवी चाचणी रचण्यात आली आणि ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत वाचायला लावण्याऐवजी ‘मी करतो तसे करा’ असे सांगून तपासनीस स्वतः डोळे मिटतो. लिहायला लावण्याऐवजी वाक्य तोंडी बोलायला सांगतो. शिवाय घरच्यांना विचारण्याचे प्रश्न तयार केले गेले: दिलेला निरोप पोचवतात का, गावात वाट चुकतात का, जेवून उठल्यावर पुन्हा जेवण मागतात का. माणसाची तुलना शाळेशी न करता त्याच्याच कालच्या जगण्याशी करायची, हे तत्त्व मला महत्त्वाचे वाटते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात तेथे ६५ वर्षांवरील लोकांत अल्झायमरचे प्रमाण १.०७ टक्के, म्हणजे जगात नोंदलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक आढळले. ते इतके कमी का, यावर वाद झाला. अल्पायुष्य आणि रोग जडल्यावर लवकर येणारा मृत्यू ही कारणेही त्या वादात पुढे आली.

मग निरक्षरतेने मेंदूचे काहीच बिघडत नाही काय? येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. चाचणी अन्यायी आहे हे जितके खरे, तितकेच शिक्षणाचा अभाव मेंदूला दुबळा ठेवतो हेही खरे. शिकणारा मेंदू जोडण्यांची शिल्लक साठवतो आणि रोग आला की काही वर्षे त्या शिल्लकीवर तग धरतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मोजली. ती दूर केली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा रोग टळेल किंवा लांबेल असा त्याचा अंदाज आहे. त्यांत बालपणी शिक्षण न मिळणे आहे. बहिरेपण, डोक्याचा मार, एकटेपण आणि दूषित हवाही आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, हा विकार आहे, आणि त्याचे प्रमाण स्त्रियांत, खेड्यांत आणि कमी शिकलेल्यांत अधिक आहे.

आज जी बाई पंचाहत्तर-ऐंशीची आहे तिचे शाळेचे वय १९५० च्या आसपासचे. १९५१ च्या जनगणनेत साक्षर स्त्रिया शंभरात नऊही नव्हत्या. घटनेने अस्पृश्यता रद्द केली होती, पण शाळेच्या ओट्यावर वेगळे बसवले जाणारे पोर आणि धाकटे भावंड सांभाळण्यासाठी घरी ठेवलेली पोरगी ही वस्तुस्थिती होती. जो अन्याय पाटीपाशी झाला त्याची वसुली सत्तर वर्षांनी मेंदूतून होते. आपण नोकऱ्यांचा आणि जमिनीचा हिशेब मांडतो. हाही त्याच हिशेबाचा भाग आहे.

तरीही मेंदूची शिल्लक फक्त शाळेतच साठते असे नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला, आणि निरक्षरांतही हा फरक आढळला. मराठवाड्यातला जो मजूर घरी मराठी, बाजारात दखनी आणि कामावर तेलुगू बोलतो, त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

औषधांविषयी खोटी आशा दाखवू नये. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काहींना काही काळ आधार देतात, रोग थांबवत नाहीत. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब रोगाची गती थोडीच कमी करते, आणि त्यासाठी शिरेतून औषध व वारंवार एमआरआय लागतो. गरिबाच्या हाती आज असलेला उपाय म्हणजे रक्तदाब आणि साखर वेळेवर तपासणे, कानाची तपासणी, तंबाखू सोडणे, आणि विसरणाऱ्या माणसाला लवकर तपासायला नेणे.

लवकर ओळखण्याला आणखी एक कारण आहे. निराधार पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो. विसरणारी बाई तो देऊ शकत नाही आणि तिचा पैसा बंद होतो. कागद कशाचा आहे हे न कळता उमटवलेल्या अंगठ्याने जमीन जाते. निदानाचा कागद वेळेवर हाती असेल तर अशा व्यवहाराला हरकत घेता येते.

आमच्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. वस्तीत कोणी निरोप विसरू लागले, पायाखालची वाट चुकू लागले, नेहमीचा स्वयंपाक अर्धवट सोडू लागले, तर त्यांना हसू नका. दवाखान्यात न्या, आणि पूर्वी ते काय काय करीत होते हे सांगू शकणारे माणूस बरोबर न्या. डॉक्टरने घड्याळ काढायला सांगितले तर स्पष्ट सांगा की ही बाई शाळेत गेलेली नाही, हिला हिच्या कामाविषयी विचारा. तसे विचारून घेण्याचा तिला हक्क आहे.