शेकोटीवरची भिंत

इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकात घरातले चित्र आले की त्यात एक गोष्ट बहुधा ठरलेली असते. भिंतीत बांधलेली शेकोटी, तिच्यापुढे दोन खुर्च्या, आणि शेकोटीच्या डोक्यावर एक फळी. फळीवर मधोमध घड्याळ, दोन्ही अंगांना मेणबत्त्यांची घरे, आणि वर भिंतीवर आरसा नाही तर तसबीर. वर्गात एखादा चौकस मुलगा विचारतो, "गुरुजी, आग भिंतीत कशाला? आणि आगीच्या डोक्यावर घड्याळ कोण ठेवील?" प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे चुलीवरच्या भिंतीवर कोणी तसबीर लावीत नाही. लावली तर चार दिवसांत देव कोणता नि माणूस कोण ते ओळखू यायचे नाही! मग त्या लोकांनी घरातली सर्वांत मानाची भिंत नेमकी आगीवरच का निवडली? त्याचाच आज थोडा विचार करू.

या फळीला आणि तिच्याखालच्या चौकटीला मिळून इंग्रजीत मँटेलपीस म्हणतात. मँटल म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. पूर्वी आगीवर धूर धरण्यासाठी एक मोठी टोपी बांधीत, तिला हे नाव पडले. टोपी गेली तरी नाव राहिले. मँटेलपीस पाहायला विलायतेलाच जायला हवे असे नाही. सिमला, उटकमंड यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणी साहेबांनी बांधलेल्या जुन्या बंगल्यांतून तो आजही दिसतो.

आता इतिहास पाहू. मध्ययुगात इंग्लंडातल्या सामान्य घरात आग मधल्या दालनात, जमिनीवरच पेटे. धूर छपराकडे जाई आणि तिथल्या झरोक्यातून जमेल तसा बाहेर पडे. म्हणजे आपल्या जुन्या स्वयंपाकघरासारखेच झाले की नाही? मोठ्या किल्ल्यांतून भिंतीतली धुराडी बाराव्या शतकापासून दिसू लागली, पण साध्या घरांत ती यायला सोळावे शतक उजाडावे लागले. विल्यम हॅरिसन नावाच्या एका पाद्र्याने १५७७ साली इंग्लंडचे वर्णन छापले. त्यात तो सांगतो की, गावातली म्हातारी माणसे आपल्या हयातीत झालेले मोठे बदल मोजताना नव्याने उभ्या राहिलेल्या धुराड्यांचे नाव घेतात. धुराडे ही त्या काळी केवढी नवलाई होती, हे यावरून दिसेल.

धुराडे आले आणि आग मधून उठून भिंतीशी गेली. धूर नळीतून वर जाऊ लागला. खोली स्वच्छ राहू लागली आणि आगीवरची भिंत पहिल्यांदाच काजळीतून सुटली. सजावट सुरू झाली ती इथून. शेकोटीच्या तोंडावर वजन पेलायला एक जाड तुळई लागे. तिच्यावर फळी बसवली की वर चढणारी ऊब आणि चुकून बाहेर आलेला धूर भिंतीपासून थोडा दूर फेकला जाई. आपल्या खिडकीवर पावसासाठी छज्जा असतो, तशीच ही फळी. आधी ती कामाची होती, शोभेची मागाहून झाली.

कामाच्या फळीवर पहिल्याने कामाच्याच वस्तू आल्या. मीठ दमट हवेत पाझरते, म्हणून मिठाची पेटी शेकोटीशेजारी. दिवा लावायला कागदाच्या किंवा लाकडाच्या सुरळ्या लागत, म्हणून त्यांचे भांडे फळीवर. मेणबत्तीही तिथेच. पुढे मेणबत्तीमागे आरसा आला. एका ज्योतीच्या दोन दिसू लागल्या, नि अंधाऱ्या हिवाळ्यात खोली उजळली. घड्याळ मधोमध बसले, कारण घरातली सारी माणसे संध्याकाळी तिथेच तोंड करून बसत. लुईस कॅरोलच्या १८७१ सालच्या पुस्तकातली अ‍ॅलिस याच फळीवर चढून आरशापलीकडच्या जगात शिरते, आणि तिथे फळीवरचे घड्याळ म्हाताऱ्याच्या तोंडाने तिच्याकडे पाहून हसते. शेरलॉक होम्स तर उत्तर न दिलेली पत्रे मँटेलपीसच्या लाकडात चाकू खुपसून टोचून ठेवतो. ही पुस्तके वाचताना वस्तू कुठे आहे ते कळले, की गोष्टीची गोडी वाढते.

जुन्या घरांच्या तुळयांवर आणखी एक गोष्ट सापडते. कंपासने काढावे तसे सहा पाकळ्यांचे फूल कोरलेले, किंवा मेणबत्तीच्या ज्योतीने मुद्दाम पाडलेले डाग. धुराडे नेहमी उघडे; त्यातून चेटकीण किंवा वाईट वारे घरात उतरेल, ही भीती. काही घरांच्या धुराड्यांत जुने जोडेही लपवलेले सापडले आहेत. नॉर्थॅम्प्टन येथील संग्रहालयाने अशा जोड्यांची नोंदवहीच ठेवली आहे. आपल्याकडे दाराला लिंबू-मिरची बांधतात, त्याचीच ही भावंडे. घरात जिथून काही शिरू शकते तिथे माणूस खूण करतो.

मग पैसा आला आणि शोभा वाढली. सतराव्या शतकात डच जहाजे चीनमधून निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फुलदाण्या युरोपात आणू लागली. फळीवर पाचांचा संच मांडण्याची रीत पडली: तीन झाकणाच्या, दोन उघड्या तोंडाच्या. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या कुंभारांनी त्यांच्या नकला केल्या. अठराव्या शतकात रॉबर्ट अ‍ॅडमसारख्या वास्तुकारांनी संगमरवरी चौकटी कोरून घेतल्या. उन्हाळ्यात आग नसली म्हणजे शेकोटीचे काळे तोंड वाईट दिसे. ते झाकायला रंगवलेली फळी लावीत किंवा पुढे फुलांचे भांडे ठेवीत. शेकोटी हे तर श्रीमंतीचे मापच झाले होते. १६६२ साली सरकारने दर शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला होता. कर घेणारे घरात शिरून शेकोट्या मोजीत, म्हणून लोक फार चिडत. १६८९ साली तो कर रद्द झाला.

एकोणिसाव्या शतकात, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, या हौसेला काही धरबंध राहिला नाही. फळीवर मखमलीचे आच्छादन, त्याला झालर, झालरीला गोंडे. वर चिनी मातीच्या कुत्र्यांची जोडी, काचेच्या हंड्या, शंख, फोटो, राज्यारोहणाचे पेले. फळी दिसेनाशी झाली! आणि खाली आग जळतेच आहे. लोंबणाऱ्या कापडाशेजारी उघडी आग म्हणजे संकटाला आवतण, हे सांगायला पंडित नको.

पण श्रोतेहो, या सुंदर फळीमागे एक काळी गोष्ट आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. नळीत काजळी साचते. ती काढली नाही तर धुराडेच पेट घेते. नळ्या अरुंद नि वाकड्या. त्यांत मोठा माणूस शिरत नाही. म्हणून लहान मुलांना आत चढवीत. पाच-सहा वर्षांची पोरे कोपर-ढोपरे घाशीत वर चढत. कोणी आत अडकून गुदमरत. १७८८ सालच्या कायद्याने आठ वर्षांखालचे मूल या कामाला ठेवू नये असे ठरले. कोणी जुमानले नाही. १८४० साली एकवीस वर्षांखालच्यांना धुराड्यात चढवण्याची बंदी झाली. तीही पुष्कळांनी मोडली. अखेर अकरा वर्षांचा जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा केंब्रिजजवळच्या एका इस्पितळाच्या धुराड्यात अडकून मेला. त्याच्या मृत्यूनंतर, १८७५ साली, परवान्याचा कडक कायदा झाला, तेव्हा कुठे ही चाल थांबली. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे लागली. लांब दांड्याचे ब्रश मधल्या काळात निघाले होते. पण पोर स्वस्त पडे. खोलीत बसणाऱ्याला संगमरवर दिसे, त्यामागचे पोर दिसत नसे.

दुसरी गोष्ट धुराची. घरातला धूर नळीने बाहेर गेला, पण बाहेर म्हणजे कुठे? शहरावरच ना! लंडनमध्ये लाखो शेकोट्या दगडी कोळशावर पेटत. १९५२ च्या डिसेंबरात ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत वारा पडला, धुके दाटले आणि धूर त्यात कोंडला. दिवसा हाताच्या अंतरावरचे दिसेना. त्या वेळच्या हिशेबाने सुमारे ४,००० माणसे दगावली; मागाहून अभ्यास करणाऱ्यांनी हा आकडा सुमारे १२,००० पर्यंत नेला. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. धूर न करणाऱ्या इंधनाची सक्ती असलेले भाग ठरले. पुढे नळांतून ऊब देणारी यंत्रे आली आणि घरोघरच्या शेकोट्या एकामागून एक विझल्या.

आग विझली. फळीचे काय झाले? नवल म्हणजे ती तशीच राहिली. कित्येक घरांत शेकोटीचे तोंड विटांनी बुजवले आहे, पण वरची फळी आणि भिंत अजून सजवतात. नाताळात मोजे टांगायचे ते तिथेच, भेटकार्डे मांडायची ती तिथेच. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने मृत सैनिकांच्या वारसांना काशाची एक गोल चकती दिली. सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची. तीवर मृताचे नाव असे, हुद्दा मात्र नसे, कारण मरणात सगळे सारखे. अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या वाटल्या गेल्या. हिंदी सैनिकांच्या घरीही त्या आल्या. इंग्लंडात पुष्कळ आयांनी ती चकती शेकोटीवरच्या फळीवर ठेवली. रोज पुसायची, घासायची. ज्या घरात चिनी मातीचा कुत्रा घ्यायची ऐपत नव्हती, त्या घरातही फळीवर ही एक वस्तू होती. सजावट म्हणजे काय, हे त्या आयांना कोणी शिकवायला नको होते.

आता थोडे कामाचे. अशी फळी-भिंत सजवायची तर जाणती माणसे काय सांगतात? पहिले म्हणजे, आग पेटती असेल तर फळीवरून काही लोंबू देऊ नये: कापड नको, कागद नको, सुकी फुले नकोत. दुसरे, जुने तैलचित्र पेटत्या शेकोटीवर लावू नये. उबेने रंग तडकतो, काजळीने काळवंडतो. आरसा आणि पितळ तिथे टिकतात. तिसरे, भिंतीवर एकच मोठी वस्तू असावी, फळीहून रुंदीने कमी. ती फार उंच टांगू नये. फळीपासून वीतभर अंतर पुरे, म्हणजे दोन्ही मिळून एक दिसतात. चौथे, दोन्ही बाजूंना सारख्या जोड्या मांडाव्यात, नाही तर एका बाजूला एक उंच वस्तू आणि दुसरीकडे दोन-तीन ठेंगण्या ठेवून तोल राखावा. आणि पाचवे, फळीचा निदान तिसरा हिस्सा मोकळा सोडावा. मोकळ्या जागेमुळेच ठेवलेल्या वस्तूकडे नजर जाते. शाळेतल्या फळ्यावरचा मजकूर मुलांना कधी वाचता येतो, ते आठवा म्हणजे पटेल.

आपल्याकडे चुलीला धुराडे नव्हते, म्हणून चुलीवरची भिंत काळीच राहिली. आपली शोभा दाराच्या गणेशपट्टीवर गेली, उंबऱ्यापुढच्या रांगोळीत गेली, देवघरात नि दिव्याच्या कोनाड्यात गेली. यात उणे काही नाही. मात्र त्या लोकांच्या इतिहासातला एक क्रम घेण्यासारखा आहे: भिंत आधी धुरातून सुटली, मग सजली. आजही ज्या घरी लाकूड-गोवरीची चूल पेटते, तिथे भिंतीपेक्षा आधी बाईचे डोळे आणि छाती काळवंडते. तिथे निर्धूर चूल बसवणे, डोक्यावर धुराची वाट काढणे, नळी वेळेवर झाडणे ही पहिली सजावट. भिंतीला पोतेरे आणि वर तसबीर, हे त्यानंतर.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना सांगा की घरात ज्या भिंतीकडे सर्वांची नजर जाते ती कोणती, तिच्यावर काय आहे, ते कोणी लावले आणि का, हे घरी विचारून पाच ओळी लिहून आणा. कोणी आजोबांचा फोटो लिहील, कोणी कुस्तीतली ढाल, कोणी नुसते दिनदर्शिकेचे पान. आणि पाचवी ओळ अशी असू द्या: ही भिंत स्वच्छ ठेवायला घरात कोण राबते? ती ओळ लिहिताना मूल घरी कोणाकडे वळून पाहते, तेवढे लक्षात ठेवा.