छातीतली धडधड आणि कबड्डी

चारचौघांत बोलायचं म्हटलं की छाती धडधडते. मुखेडला शिकायला येणारी खेड्यापाड्यांतली कितीतरी हुशार मुलं त्यापायी तोंडी परीक्षेत गप्प बसतात, मागं पडतात. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये मांडलं की आधी शरीर थरथरतं आणि ती थरथर जाणवणं हीच भीती. आम्हाला हे पुरतं पटत नाही. पण कबड्डी बघा. चढाईला आपण एकटे, समोर सात जण, तोंडानं 'कबड्डी कबड्डी' मोठ्यानं चालू. धडधड तीच, तरी तिला आपण भीती म्हणत नाही. धडधड म्हणजे संकट नव्हे, हे शरीर खेळता खेळता शिकतं. म्हणून रोज खेळा, पळा. धडधड राहीलही, पण ओळखीची होईल. मग वर्गात उठून एक तरी प्रश्न विचाराच.