डास नव्हे, चिलट!

जबलपूरची जुनी ख्याती बावन्न तलावांचे शहर अशी आहे. गोंड राजवटीतील या तलावांपैकी कित्येक काळाच्या ओघात बुजले. चेरीतालासारखी नावे आता वस्त्यांपुरती उरली आहेत. तरी हनुमानतालासारखे तलाव भर वस्तीत अजून शिल्लक आहेत. साठलेल्या पाण्याच्या काठी राहणाऱ्या कुटुंबांना एक दृश्य परिचयाचे असते. दिवेलागणीला डासांसारख्या कीटकांचे थवे हवेत खालीवर होत असतात आणि सकाळी दिव्याखाली त्यांचा खच पडलेला आढळतो. ‘डास फार झाले’ म्हणून मग फवारा हाती घेतला जातो. परंतु पुष्कळदा हे कीटक डास नसतातच; ती असतात ‘कायरोनोमस’ नावाची, न चावणारी चिलटे.

दोघांतील भेद घरातील मुलांनाही ओळखता येईल. डासाला टोचण्यासाठी लांब सोंड असते. चिलटाला ती नसते. डासाच्या पंखांवर सूक्ष्म खवले असतात. चिलटाचे पंख स्वच्छ आणि बहुधा शरीराहून आखूड असतात. भिंतीवर बसताना डास मागचे पाय उचलतो, तर चिलट पुढचे पाय वर धरते. नराच्या मिशा पिसाऱ्यासारख्या दिसतात. मात्र नर डासालाही तशा मिशा असल्यामुळे केवळ त्यांवरून निर्णय करू नये.

चिलटाचे खरे आयुष्य पाण्यात जाते. मादी जेलीसारख्या लगद्यात शेकडो अंडी घालते. अळी तळाच्या गाळात उतरते, लाळेच्या रेशमाने मातीचे कण जोडून नळी बांधते आणि तीत राहून कुजका पाला व शेवाळ खाते. ही अळी लालभडक असते. आपल्या रक्तात असणारे हिमोग्लोबिनच तिच्या शरीरद्रवात विरघळलेले असते. त्यामुळे जेथे प्राणवायू अत्यल्प आहे, अशा गाळातही ती तग धरते. चार वेळा वाढीच्या अवस्था पालटून ती कोषात जाते; कोष पृष्ठभागावर येतो आणि त्यातून चिलट उडते. पुढे त्याला अवघे काही दिवसांचे आयुष्य उरते.

चिलटाची नेमकी जात ठरविणे मात्र तज्ज्ञांचे काम होय. त्यासाठी अळीच्या डोक्यावरील दातेरी पट्टी, नराची जननेंद्रिये आणि लाळग्रंथींतील प्रचंड गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही गुणसूत्रे बालबियानी या शास्त्रज्ञाने १८८१ साली याच कीटकात प्रथम पाहिली. १९९२ साली शास्त्रीय वर्णन झालेल्या ‘कायरोनोमस रॅमोसस’ या भारतीय जातीवर पुण्याच्या विद्यापीठात दीर्घकाळ संशोधन झाले असून, तिच्या अळ्या किरणोत्सर्गाचा मोठा मारा सहन करतात असे आढळले आहे.

मग या चिलटांची चिंता करावी की नाही? ती चावत नाहीत, हिवताप वा डेंग्यू पसरवीत नाहीत. त्यांच्या अळ्या तर माशांचे उत्तम खाद्य आहेत. परंतु थवे फार वाढले, तर मृत कीटकांच्या धुळीने काहींना दम्याचा त्रास होतो. त्यांच्या अंड्यांच्या लगद्यावर पटकीच्या जंतूच्या प्रजातीचे सूक्ष्मजीव वाढतात, असेही इस्राएलमधील संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले. तळाशी लाल अळ्यांचीच गर्दी झाली आणि इतर जलकीटक दिसेनासे झाले, तर तलावात सांडपाणी व कुजका गाळ साचला आहे असे समजावे. धुराच्या फवारणीने आजचा थवा मरेल. गाळातील अळ्यांना तिचा स्पर्शही होत नाही. सांडपाणी अडविणे आणि गाळ उपसणे हाच खरा उपाय.

घरच्या टाकीत लाल अळ्या दिसल्या, तर घाबरू नये. त्या पोटातील जंत नव्हेत. टाकी रिकामी करून तळ घासावा, झाकण घट्ट बसवावे, हवेच्या नळीला बारीक जाळी लावावी आणि पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. मात्र पाण्याच्या पृष्ठभागाशी लोंबकळणाऱ्या करड्या अळ्या दिसल्या, तर त्या डासांच्या समजून ते पाणी त्याच दिवशी ओतून टाकावे. डास आपल्या आरोग्याचा शत्रू आहे. चिलट हे आपण तलावाचे काय केले, याची साक्ष देणारे आहे. साक्षीदाराला मारून गुन्हा नाहीसा होत नाही.