दुसरा प्लग नेमकं काय करतो?

पुण्याच्या बजाजने २००३ मध्ये पल्सरला ‘डीटीएस-आय’ इंजिन दिलं. सिलिंडर एकच, स्पार्क प्लग मात्र दोन. दोन ठिणग्या म्हणजे दुप्पट जोर, असा समज तेव्हापासून रूढ आहे. पण ठिणगीत जोर असतोच कितीसा? तिची ऊर्जा मिलिज्यूलमध्ये मोजण्याइतकी. दीडशे सीसीच्या इंजिनात थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर एका वेळी जळणाऱ्या पेट्रोलची ऊर्जा काहीशे ज्यूल, म्हणजे हजारो पट जास्त. ठिणगी फक्त आग लावते. पुढचं सगळं काम पेट्रोलचं.

मिश्रण एकदम पेटत नाही. प्लगच्या टोकाशी ज्वाला धरते आणि तिथून पसरत जाते, गवताच्या गंजीला एका कडेने काडी लावावी तशी. दोन व्हॉल्व्हच्या लहान इंजिनात मधली जागा व्हॉल्व्हच खातात, त्यामुळे प्लग बाजूला बसवावा लागतो आणि ज्वालेला पार समोरच्या भिंतीपर्यंत जावं लागतं. ४,५०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा साधारण १३ मिलिसेकंदांत होतो. त्याच्याही छोट्याशा भागात ज्वालेने वाट संपवायची, म्हणून पिस्टन अजून वर येत असतानाच ठिणगी टाकतात. मेकॅनिक ज्याला ‘टायमिंग’ म्हणतात ते हेच.

पेट्रोल वाया जातं ते इथे. पिस्टन टोकाला पोचून खाली वळल्यावर साधारण १२ ते १५ अंशांवर दाब सर्वाधिक असावा, तेव्हाच तो क्रँकला नीट फिरवतो. ठिणगी फार आधी टाकली तर वाढता दाब वर येणाऱ्या पिस्टनलाच अडवतो. जळण लांबलं तर शेवटी जळलेल्या पेट्रोलची बरीचशी उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते. समोरासमोर दोन प्लग असले की दोन्हीकडून निघालेल्या ज्वाला मध्येच भेटतात. वाट जवळपास निम्मी होते, ठिणगी थोडी उशिरा टाकली तरी चालतं आणि जळण वेळेत आटोपतं.

याचा खरा फायदा पूर्ण थ्रॉटलवर नव्हे, तर शहरातल्या संथ चालीत होतो. थ्रॉटल जेमतेम उघडा असताना सिलिंडरमध्ये जुना धूर बराच उरतो आणि ज्वाला रेंगाळते. कमी पेट्रोलचं, लीन मिश्रणही असंच सावकाश जळतं. एका प्लगवर ते कधी कधी विझतंच. दोन प्लगांवर ते तग धरतं, म्हणून इंजिन थोडं लीन चालवता येतं आणि अ‍ॅव्हरेज वाढतं.

‘मोठी ठिणगी’ देणारे महागडे प्लग घेऊन अ‍ॅव्हरेज वाढेल असं मला वाटत नाही. मूळ प्लग चांगला असेल तर आग लागतेच, आणि नंतर ज्वाला किती वेगाने पसरेल हे ठरवते ती मिश्रणातली घुसळण. त्यापेक्षा दोन्ही प्लग काढून पाहा. टोक तांबूस-भुरं असेल तर जळण ठीक. काळी काजळी असेल तर मिश्रण किंवा प्लग, काहीतरी बिघडलेलं आहे. दोन प्लगच्या इंजिनात एक प्लग मेला तरी गाडी बंद पडत नाही, पण पेट्रोल जास्त पिते. सर्व्हिसिंगला कधी कधी हाताशी असलेलाच प्लग बदलला जातो आणि अडचणीच्या जागी असलेला दुसरा तसाच राहून जातो. म्हणून गाडी देतानाच सांगा: प्लग दोन्ही पाहा, गॅपही दोन्हीचा मोजा.