पत्रा कापण्याची यंत्रे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पत्रेकाम करणाऱ्या बहुतेक कारखान्यांत ग्राइंडरच आधी हाती घेण्याचा शिरस्ता आहे, आणि त्यावरूनच, चकती बसविली म्हणजे कोणताही पत्रा नीट कापला जातो, अशी समजूत रूढ झाली आहे. पत्रा तुटतो हे खरे. परंतु मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेणारी चकती जी उष्णता उत्पन्न करते, तिचा विचार सहसा होत नाही. जस्त 420 अंश सेल्सिअसला वितळते व 907 अंशांना उकळते. सबब जस्तलेपित पत्र्याच्या कडेचे रक्षण ज्या लेपाने करावयाचे तोच जळून जातो, त्याचा धूर छातीत गेल्यास कारागिराला ताप भरू शकतो, आणि रंगीत पत्र्यावर उडालेले तप्त कण रंगात रुतून तेथेच पुढे गंज धरतात. छपराच्या पत्र्यांचे उत्पादक चकतीचा वापर वर्ज्य मानतात तो याच कारणाने. उलट, विजेच्या कातरीने कापलेल्या पातळ पत्र्याची उघडी कड शेजारचे जस्त स्वतः झिजून सांभाळते. तेव्हा कापलेली कड गंजणारच, हे गृहीतही निराधार आहे.

यंत्र जितक्या अधिक वॅटचे तितका जाड पत्रा ते कापील, हा दुसरा भ्रम. यंत्रावर नमूद केलेली क्षमता बहुधा साध्या पोलादाची असते, 1.6 मिलिमीटर साधे पोलाद कापणारे निबलर (पत्रा कुरतडत कापणारे यंत्र) स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत 1.2 मिलिमीटरवरच थांबते. गेजचा आकडा वाढला की जाडी घटते, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात असावे : ब्रिटिश मापाने 18 गेज म्हणजे 1.22, तर 22 गेज म्हणजे 0.71 मिलिमीटर. पत्रा फाटतो म्हणून जिगसॉला दोष देणाऱ्यांनीही आधी तिचे पाते पाहावे, कारण दोन दातांमधील अंतर पत्र्याच्या जाडीहून मोठे असेल तर दात कडेत अडकतो आणि पत्रा थरथरून फाटतो.

माझे मत स्पष्ट आहे : सरळ कापासाठी कातर, वळणासाठी व पन्हाळी पत्र्यासाठी निबलर, आणि या दोहोंचा मगदूर संपेल तेथेच ग्राइंडर, मात्र त्याचे संरक्षक कवच कोणत्याही सबबीवर काढू नये, आणि लाकडाचे दातेरी पाते त्यावर कदापि चढवू नये.