मॅरेथॉन म्हणजे नेमके किती अंतर?

धरणगाव-जळगाव परिसरात पाच किंवा दहा किलोमीटरच्या धावेलाही सर्रास ‘मॅरेथॉन’ म्हटले जाते. प्रत्यक्षात मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची शर्यत. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एवढे अंतर धावले गेले आणि १९२१ मध्ये तेच प्रमाण ठरले. कापूस मोजताना क्विंटल म्हणजे शंभर किलोच. तसेच हे ठरलेले माप आहे. पाच किलोमीटर धावणे मोलाचेच. पण ते जमले म्हणून लगेच मॅरेथॉनला उतरू नये. लांब धावताना स्नायूंतला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपत येते आणि पाय जड होतात. नवख्यांनी काही महिने अंतर हळूहळू वाढवावे आणि नाव नोंदवण्याआधी किलोमीटरचा आकडा नक्की पाहावा.