पाटीआधीची नजर, पाटीनंतरची नजर

लिहायला-वाचायला शिकल्यावर माणसाची नजरही बदलते का, या प्रश्नाचा शोध रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांदर लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत घेतला. कागदावरचं वर्तुळ पाहून निरक्षर बायका म्हणाल्या ताट, चाळण, चंद्र. त्रिकोण पाहून म्हणाल्या ताईत. शाळेत जाऊ लागलेल्यांनी मात्र आकारांचीच नावं सांगितली. लुरियांचं पुस्तक निघायला १९७४ साल उजाडलं.

पण हा फरक अक्षरांमुळे पडला की शाळेमुळे? सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी लायबेरियातल्या वाई लोकांत याचा छडा लावला. हे लोक आपली लिपी शाळेत न जाता, घरीच शिकत. १९८१ च्या या दोन संशोधकांच्या ग्रंथाने दाखवलं, की साक्षरतेच्या खात्यावर जमा केलेलं बरंच श्रेय शाळेचं होतं.

पुढचा धागा पोर्तुगालमध्ये मिळाला. तिथे थोरली मुलगी भावंडं सांभाळायला घरी राही, धाकट्या शाळेत जात. अशा बायकांच्या अभ्यासातून २००१ मध्ये दिसलं, की खऱ्या वस्तू ओळखण्यात निरक्षर कुठेच मागे नव्हते. अडखळले ते रेखाचित्रांपाशी. वाचन शिकताना दिशेकडे पाहण्याची सवयही बदलते. कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तोच, हे मेंदू उपजतच धरून चालतो. ३ आणि ६ शिकताना मुलांना हीच सवय मोडावी लागते. तमिळ लिपीत अशा आरशातल्या जोड्या नाहीत. १९९८ च्या एका अभ्यासात फक्त तमिळ वाचणारे डाव्या-उजव्या उलट आकृत्यांच्या बाबतीत निरक्षरांसारखेच वागले.

२०१० मध्ये स्तानिस्लास दहान यांच्या गटाने ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांचे मेंदू तपासले. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही दृष्टीच्या भागात बदल झालेले होते. वय उलटून गेलं म्हणून पाटी नाकारण्याचं कारण उरलं नाही.

या साऱ्याचा खरा उपयोग दवाखान्यात आहे. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रचलित चाचणीत एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन बघून काढायचे असतात. जन्मात पेन्सिल न धरलेल्या आजींना ते जमलं नाही, तर दोष स्मृतीचा कसा? हरियाणातल्या बल्लभगढमध्ये निरक्षर वृद्धांसाठी या चाचणीचं हिंदी रूप घडवलं गेलं, त्याचा अहवाल १९९५ मध्ये आला. तीच काळजी प्रत्येक दवाखान्यात घेतली जावी. आजी शाळेत गेल्या होत्या का, हे आधी विचारावं. गुण मागाहून मोजावेत.